समजा घेतलेलं पान

दुपारचं घर गप्प होतं. नळ बंद, पंखा बंद, वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्रसुद्धा थांबलेलं. तेवढ्यात खण कर्रकन वाजला आणि माझ्या अंगावर उजेड पडला. कितीतरी दिवसांनी पडला. मी डोळे मिचकावले असते, पण माझ्याकडे डोळे आहेत ते राजे, राण्या आणि गुलामांचे. ते कायम उघडेच असतात. खणाच्या अंधारातही उघडेच होते.

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. जुना म्हणजे किती, ते माझे कोपरे पाहून ओळखा. नव्या पत्त्याचा कोपरा बोटाला टोचतो. माझे कोपरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे मऊ झाले आहेत. चौकटची सत्ती केव्हाच हरवली. तिच्या जागी जोकर उभा आहे, टोपीवर निळ्या शाईने सात लिहिलेला. बिचारा जन्मभर दुसरीच्या नावाने जगतो आहे. किलवरच्या राणीच्या खांद्यावर चार दातांच्या खुणा आहेत. त्या कुणाच्या, ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. जुनी छत्री, जुना कंदील, जुनी सायकल अशी मंडळी स्वतःची कहाणी सांगायला बसली की कशी गोड बोलतात. आमचा कुणावर राग नाही, म्हणतात. माझं तसं नाही. मी मत्सरी आहे. माझ्या पोटात अजून दुखतं, आणि का दुखतं तेही मी सांगणार आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो. राजाच्या पायाशी दुर्री, दुर्रीच्या कानाशी एक्का. मग सुरी फिरली आणि आम्ही सुटे झालो. वरून असा गुळगुळीत लेप चढवला की एकावर एक ठेवलं तर आम्ही पाण्यासारखे घसरायचो. चकचकीत कागदात गुंडाळलेला मी एका दुकानाच्या काचेत बसलो होतो, तेव्हा एका घड्याळजीने मला उचललं.

त्याचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक लाकडी फळी आणि भिंतभर टिकटिक. गिऱ्हाईक नसलं की तो मला फळीवर काढायचा. शेजारचा शिंपी सुई कॉलरला टोचून यायचा आणि सोबत बटणांचा डबा आणायचा. पैसे लावायचे नाहीत, बटणं लावायची, असा त्यांचा करार होता. खेळ एकच, एकवीसचा. बाहेरच्या जगात त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. एकवीस ओलांडले की बुडालात. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का सोयीप्रमाणे एकचा नाहीतर अकराचा. वाटणाऱ्याचं एक पान उघडं असतं, त्याच्याकडे बघून प्रत्येक वेळी एवढंच ठरवायचं: आणखी पान घ्यायचं, की थांबायचं?

"कापडात बोटभर मारतोस ते मारतोस, पत्त्यात नको मारू," घड्याळजी म्हणायचा.

"तुझ्या भिंतीवरच्या दोन घड्याळांचं एकमेकांशी पटत नाही, आणि तू मला बेरीज शिकव," शिंपी म्हणायचा.

त्या फळीवर एक चाल होती. ती दुसरीकडे कुठेही नसेल. ज्या पानाने कुणाला बुडवलं, ते पान पुन्हा कॅटात जायचं नाही. घड्याळजी ते उचलून आपल्या भिंगाखाली ठेवायचा. "याने घात केला. बसू दे कोपऱ्यात," असं म्हणायचा. दिवसभर घात करणारी पानं भिंगाखाली जमत जायची आणि मी बारीक होत जायचो. दुकान बंद करताना तो सगळ्यांना माफी द्यायचा, मला पुरा मोजायचा, मगच कुलूप लावायचा.

घड्याळजीची मुलगी त्या फळीखाली वाढली. शाळेतून आली की स्टुलावर चढायची. तिची बोटं लहान होती, मला एका मुठीत धरता येत नव्हतं, पण पिसायला ती बापापेक्षा चटकन शिकली. मी तिच्या हातात असलो की मला वाटायचं, छापखान्यात आपण कापले गेलो ते यासाठीच. तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूला विचारा. प्रत्येकीचा असा एक हात असतो.

घड्याळजी गेला, खिडकी बंद झाली. मुलगी तोपर्यंत मोठी होऊन कॉम्प्युटरच्या कामाला लागली होती, तिचं लग्नही झालं होतं. बापाच्या दुकानातून तिने दोनच वस्तू आणल्या, मी आणि शिंप्याचा तिथेच राहिलेला बटणांचा डबा. पुढे तिला मुलगी झाली. ही मुलगी एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिला दात येत होते तेव्हा आई नोकरी सोडून घरी होती आणि मी रोज चटईवर असायचो. राणीच्या खांद्यावरच्या खुणा त्या दिवसांतल्या. त्या खुणांचा मला राग नाही. उलट बाकीच्या तीन राण्या अजून तिच्यावर जळतात.

आणि मग घरात तो आला.

तो म्हणजे लॅपटॉप. काळा, चपटा, तोंड मिटलेलं. पण त्याची बडदास्त विचारू नका, नवा जावईच जणू. त्याला बसायला टेबल. निजायला कापूस भरलेली पिशवी. तोंड पुसायला चष्म्याचं मऊ फडकं. त्याला भूक लागायच्या आत कुणीतरी वायर लावायचं. आणि मला? मला एक सैल झालेलं रबरबँड आणि खणातली जागा, संपलेल्या बॅटऱ्या आणि मेणबत्तीच्या तुकड्यांशेजारी.

मी खणाच्या फटीतून बघायचो. भिंगरी झोपली की आई पाय न वाजवता टेबलाशी यायची. तिची ती बोटं, माझी बोटं, त्याच्या बटणांवर नाचायची. तो नुसता उजेड पाडत बसायचा. त्याला पिसावं लागत नाही, काटावं लागत नाही, त्याचे कोपरे झिजत नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? ती त्याला माझाच खेळ शिकवत होती.

त्याचं कारण असं. भिंगरी आता पहिलीत जायला लागली होती आणि आईला पुन्हा कामावर जायचं होतं. पत्त्यांचे खेळ मोबाइलवर आणणाऱ्या एका कंपनीने तिला सांगितलं, एकवीसच्या खेळात कोणत्या पानांवर घ्यावं आणि कोणत्या पानांवर थांबावं, हे अचूक सांगणारा प्रोग्राम करून शुक्रवारी दाखवा. जमलं तर नोकरी. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. रोज सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन निघाले की आई दारात उभी राहायची. ते जिना उतरून गेल्यावरही उभी राहायची. त्यांच्या पाठीकडे ती ज्या नजरेने बघायची, ती नजर मला परकी नव्हती. मी तशाच नजरेने टेबलाकडे बघत होतो.

प्रोग्राम तयार झाला, पण बिघडलेला. सुरू केल्याबरोबर शहाण्यासारखा बोलायचा. सोळा हातात, वाटणाऱ्याची छक्की? 'थांब.' अकरा हातात? 'घे.' पण आईने सगळ्या हातांचा पूर्ण तक्ता मागितला की जावयाचं डोकं फिरायचं. शेवटी शेवटी तर वीस हातात असताना तो म्हणायचा, 'घे.'

वीसवर घे! भिंगाखालची पानंसुद्धा हसली असती. वीसवर एक्का सोडून कोणतंही पान बुडवतं. मला, खरं सांगतो मित्रांनो, इतका आनंद झाला की रबरबँड ताणलं गेलं.

बाबा संध्याकाळी आले आणि बूट काढता काढता पडद्यात डोकावले. "वीसवर घे म्हणतोय? आमचे मोठे साहेबसुद्धा इतके हावरट नाहीत."

"हसू नकोस. शुक्रवारी त्यांच्यासमोर असं बोलला तर?"

"तर म्हण, घरातलाच आहे, मनावर घेऊ नका."

ती हसली नाही. तिने पोळपाट काढावा तसा तो लॅपटॉप पुढे ओढला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

तिचा सगळा संशय एक्क्यावर. एक्का कधी एकचा होतो, कधी अकराचा, म्हणजे गोंधळ त्यानेच केला असणार. तिने एक्क्याची बेरीज पुन्हा लिहिली, मग पुन्हा लिहिली. माझे चारही एक्के खणात अपमानाने लाल झाले, काळे दोघेसुद्धा. मग तिने वाटणाऱ्याचे नियम तपासले. ते बरोबर होते. बेरजा बरोबर होत्या. उत्तर मात्र तेच: वीसवर घे. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि बाबांनी तो निमूट पिऊन टाकला. त्यावरून मी समजलो की घरात गोष्ट गंभीर आहे.

या दिवसांत आणखी कुणाच्या तरी पोटात दुखत होतं. भिंगरी शाळेतून यायची आणि आईच्या पाठीवर गाल टेकवून उभी राहायची. "आई, बघ ना."

"बघते. एक मिनिट."

"तुझं मिनिट खूप मोठं असतं."

एकदा तिने लॅपटॉपवर आपला ओला मोजा पसरून ठेवला. त्याला थंडी वाजते, म्हणाली. आईला राग आला, मला मात्र ती फार आवडली.

तर त्या गुरुवारच्या दुपारी खण कर्रकन वाजला. आईने मला उचललं. किती दिवसांनी उचललं! तिचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला आणि जुन्या सवयीने तिने मला एकदा पिसलं. मला वाटलं, हरला जावई. टेकला गुडघे. आता बोलावणं कुणाला आलं? तर मला.

"भिंगरी, इकडे ये. आपण एक खेळ खेळू. तू मशीन व्हायचं."

"मी नाही मशीन होणार. मला ते आवडत नाही."

"बरं, मग त्याच्यापेक्षा हुशार कुणीतरी हो."

हे तिला पटलं. चटईवर दोघी बसल्या. आईने राजा आणि पंजी उताणी ठेवली. बटणांचा डबा शेजारी. "हे झाले पंधरा. आता तू खरं पान घ्यायचं नाही. नुसतं समजा करायचं. समजा हे पान आलं तर काय होईल, समजा ते आलं तर काय होईल. सगळी समजा करून झाली की सांगायचं, घ्यावं की थांबावं. मशीन असंच करतं."

भिंगरीने वरचं पान उचललं. "समजा नव्वी आली." मग नव्वीवरचे ठिपके बोटाने मोजत ती पुढे गेली. "चोवीस. बुडालो."

"बुडालो," आई म्हणाली, आणि तिने नव्वी उचलून बटणांच्या डब्याखाली सरकवली. हात आपोआप गेला. बाप भिंगाखाली ठेवायचा तसाच.

"समजा तिर्री आली. अठरा." तिर्री परत कॅटात गेली.

"समजा गुलाम आला. पंचवीस. बुडालो." गुलाम डब्याखाली.

"समजा अठ्ठी." अठ्ठीही डब्याखाली. असं बराच वेळ चाललं. मी पुन्हा दुकानातल्यासारखा बारीक होत चाललो होतो. मला ते दिवस आठवून गहिवरून येत होतं. तेवढ्यात भिंगरी थांबली आणि डब्याखाली वाकून बघायला लागली.

"ही तिथे का ठेवलीस?"

"त्यांनी बुडवलं ना. मग ती कोपऱ्यात बसतात. आजोबांचा नियम आहे."

"पण आपण ती घेतलीच नव्हती."

"म्हणजे?"

"समजा घेतली होती. खरं कुठे घेतली? खोटं खोटं बुडालो, मग खरी शिक्षा कशाला?" असं म्हणून तिने डबा बाजूला केला, नव्वी, गुलाम, अठ्ठी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्यात परत खुपसलं. "समजा संपलं की परत ठेवायचं. नाहीतर पुढच्या समजाला पानं कुठली?"

आईची नजर माझ्यावर होती, पण ती मला बघत नव्हती. मग ती इतक्या झटक्यात उठली की बटणं चटईभर उडाली.

तुम्हाला काय झालं ते समजलं असेल. आईने प्रोग्राम लिहिताना बापाचा नियम लिहिला होता. तिला ते कळलंही नव्हतं. नियम तिच्या बोटांत होता. जावई मनातल्या मनात प्रत्येक पान घेऊन बघायचा. चांगलं निघालं तर परत ठेवायचा. बुडवणारं निघालं की तिथूनच मागे फिरायचा, पान बाहेरच राहायचं. असं करत करत त्याच्या डोक्यातल्या कॅटातून आधी राजे, राण्या, दश्श्या गेल्या, मग नव्व्या, अठ्ठ्या. एक्का सोयीने एकचा होतो, तो कधीच कुणाला बुडवत नाही, म्हणून शेवटी नुसते एक्के उरले. आता ज्याच्या कॅटात नुसते एक्के आहेत, तो वीसवर 'घे' म्हणणार नाही तर काय म्हणणार? तो वेडा नव्हता. त्याच्याकडची पानं कुणी परत ठेवलीच नव्हती.

आईने एक ओळ इकडची तिकडे केली. एकच. प्रोग्राम सुरू केला, पूर्ण तक्ता मागितला आणि तोंडावर हात ठेवून बसली. वीस हातात? 'थांब.'

"भिंगरी," ती म्हणाली, "तू आत्ता काय केलंस तुला माहीत आहे का?"

"बटणं मी नाही सांडली," भिंगरी म्हणाली.

घरात आनंद झाला. बाबांनी त्या संध्याकाळी चहा स्वतः केला, साखर चाखून बघून घातली. मी चटईवर पसरलेला होतो. माझ्याच अंगावर ज्याचं दुखणं उतरलं, तो टेबलावर उजेड पाडत बसला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. शुक्रवारी आई त्याला मऊ पिशवीत घालून घेऊन गेली. मला कुणी या म्हटलं नाही. नोकरी लागली, हे मला फटीतून ऐकू आलं. तिथल्या बाईंनी विचारलं, ही चूक कशी सापडली? आईने सांगितलं, माझ्या मुलीने पानं परत ठेवली म्हणून. माझं नाव त्यात नव्हतं. असो. असो म्हणतो खरा, पण पोटात दुखतंच.

तरी मित्रांनो, इतकं आयुष्य काढल्यावर एक मागणं मागतो. माझ्यातलं एक पान हरवलं तर बाकीची पानं नुसती पानं राहतात, कॅट राहत नाही. जोकरला विचारा, दुसऱ्याच्या जागी उभं राहणं किती जड असतं. म्हणून खेळून उठण्याआधी मला मोजा. ज्याने तुम्हाला बुडवलं त्यालाही डब्याखाली विसरू नका, त्यालाही परत ठेवा. आणि घरात नवं कुणी आलं तर त्याला खुशाल टेबल द्या, पण जुन्याचा खणही अधूनमधून उघडा. कर्र वाजला तरी चालेल.

रविवारी तो वाजला. आईचं काम सोमवारपासून होतं. दाराशी बाबांच्या हत्यारांच्या पिशवीशेजारी तिची पिशवी भरून ठेवलेली होती, त्यात जावई झोपला होता. यावेळी मला भिंगरीने काढलं.

"आई, समजा खेळू."

"खेळू," आई म्हणाली आणि लगेच खाली बसली. त्या दिवशी तिचं मिनिट लहान होतं.

भिंगरीने मला धुंडाळून तीन पानं काढली आणि चटईवर ओळीने मांडली. "हा राजा म्हणजे बाबा. ही दातवाली राणी म्हणजे तू. ही दुर्री मी."

"तू दुर्री का गं? एक्का हो की."

"नको, दुर्री लहान असते." मग तिने दुर्री उचलली, बटणांच्या डब्याखाली सरकवली आणि वर तळहात ठेवला. "आता समजा, मी झालेच नाही."

आई हसायला गेली.

"मग ही राणी रोज कामाला गेली असती? मी झाले तेव्हापासून रोज?"

"भिंगरी, असं..."

"समजाच आहे गं. खरं नाही." भिंगरीने राणी उचलून राजाच्या शेजारी नीट सरळ ठेवली आणि तिच्या खांद्यावरच्या खुणांवरून बोट फिरवलं. "मग हिला कुणी चावलंच नसतं. मग ही हसली असती का जास्त?"

आई राणीकडे बघत राहिली. मी तिला घड्याळजीच्या स्टुलावर बघितलं आहे, दारात बाबांच्या पाठीकडे बघताना बघितलं आहे, पडद्यासमोर ओठ चावताना बघितलं आहे. पण माझ्यातल्या एका पानाकडे अशी बघताना कधी बघितलं नव्हतं. तिचा हात डब्यापर्यंत आला आणि भिंगरीच्या हातावर येऊन थांबला. भिंगरीने आपला हात काढला नाही.

"सांग ना आई. तू सांगितल्याशिवाय मी मला परत कशी ठेवू?"